एक ते चार बंद

"बसा ना काका. घाबरू नका, पाय आपोआप वर येतात."

उत्तरेश्वर खुर्चीत बसला. तेजसने बाजूची कळ दाबली आणि खरोखरच त्याचे पाय वर आले, पाठ मागे गेली. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी, आणि त्यांच्यासमोर आपले चपलांचे तळवे असे वर झालेले पाहून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बुधवार पेठेतल्या या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो मिसरूड फुटायच्या वयात लागला होता. आता डोक्यावरचे केस गेले, तरी गिऱ्हाइकासमोर तो कधी स्टुलावरसुद्धा टेकला नव्हता.

"हा आपला रिकव्हरी कॉर्नर," तेजस म्हणाला. "पाळीपाळीने प्रत्येकाला अर्धा तास. मोबाइलवर टायमर लावायचा. कामात स्ट्रेस तर राहणारच काका, पण बॉडीला रिकव्हरी मिळाली पाहिजे. नाहीतर माणूस लाँग टर्म टिकत नाही."

"आणि एक ते चार?"

"ते आता बंद. म्हणजे, बंद ठेवणं बंद. ऑनलाइनवाले दुपारी झोपत नाहीत."

मागे दुरुस्तीच्या टेबलावर डोकं खुपसून बसलेला जब्बारभाई म्हणाला, "म्हणूनच त्यांचा निम्मा माल माझ्या टेबलावर येतो."

तेजस हसला. पोरगा वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. आप्पा गेल्यावर बापाचं दुकान विकून मोकळा झाला असता, तर कुणी बोट दाखवलं नसतं. उलट त्याने जुनी माणसं ठेवली, कुठल्याशा वर्कशॉपला जाऊन त्यांच्या तब्येतीचा विचार शिकून आला आणि ही महागाची खुर्ची आणली. आजकाल एवढं तरी कोण करतं?

पुण्याच्या एक ते चारवर लोकांनी विनोद करून करून त्याचं पार चिपाड केलंय. पण हसणाऱ्यांनी ती झोप आतून कधी बघितलेली नाही. आप्पा स्वतःच्या हाताने शटर ओढायचे. आत अंधार आणि पंख्याची घरघर. दोन काउंटरांमधल्या बोळीत सतरंज्या पडायच्या. आप्पा गादीवर, जब्बारभाई टेबलाखाली, उत्तरेश्वर वायरच्या भेंडोळ्यांशेजारी. मालकच झोपला म्हटल्यावर नोकराला झोपायची लाज उरत नाही. बाहेरून कुणी शटर वाजवलंच, तर आप्पा पडल्यापडल्या सांगायचे, "चारला या. दुकान कुठे पळून जात नाही."

बाकीच्यांना ती झोप म्हणजे चैन होती. उत्तरेश्वरचा संसार मात्र तिच्यावर चालला होता. त्याची बायको यमुना अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली. उजवं अंग पूर्ण गेलेलं. दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, पाठीला उशी लावायची, नाहीतर कातडी फाटेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वारज्यातल्या त्या दोन खोल्यांत दिवसा शेजारची सरुबाई बघायची. रात्र उत्तरेश्वरची. त्यामुळे रात्री तुकड्यातुकड्यांनी सांडलेली झोप तो दुपारी शटरआड गोळा करायचा. आप्पांना त्याने हे एकदाच सांगितलं होतं.  त्यानंतर ऐन दिवाळीच्या गर्दीतसुद्धा शटर एकला खाली आलं.

नव्या खुर्चीत त्याच्या डोळ्याला डोळा लागेना. समोर काच, काचेपलीकडे गिऱ्हाइकं, आणि जरा डुलकी यावी तोच मोबाइलची घंटी. त्याचा अर्धा तास डोळे मिटून ताठ बसण्यात जायचा. मग तेजस विचारायचा, "कसं वाटतंय, काका? फ्रेश?"

"हो हो. एकदम."

दर शनिवारी तेजस सगळ्यांच्या मोबाइलवर एक प्रश्न पाठवायचा, 'हा आठवडा कसा गेला?' खाली रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच तोंडं. उत्तरेश्वरचं बोट दर वेळी रडक्यापाशी घुटमळायचं आणि हसऱ्यावर पडायचं.

"सांग की त्याला सरळ," जब्बारभाई एकदा वैतागून म्हणाला. "यमुनाभाभीचं सांग. पोरगा ऐकेल."

"काय सांगू? बायको आजारी आहे, मला झोपायला द्या?"

"मग हस. दाब ते पिवळं तोंड."

दिवाळीनंतर त्याचे हात चुकायला लागले. एका गिऱ्हाइकाला भलताच अडॅप्टर दिला, तो दुसऱ्या दिवशी जळका सेट घेऊन भांडायला आला. तेजसने नवा सेट देऊन त्याला वाटेला लावलं आणि उत्तरेश्वरला हळूच म्हणाला, "काका, खुर्ची रोज वापरता ना?" तो रागावला असता तर बरं झालं असतं.

रात्री त्याला आता आपोआप जाग येईना, म्हणून त्याने मोबाइलवर दोन-दोन तासांचे गजर लावले. मोबाइल उशाशी, दोघांच्या मध्ये. आणि एका सकाळी डोळे उघडले तर खिडकीत लख्ख ऊन. कित्येक महिन्यांनी अंग हलकं वाटत होतं. मग तो झटकन कुशीवर वळला. यमुना रात्री ठेवली त्याच कुशीवर, ओल्या अंथरुणात, त्याच्याकडे बघत पडली होती.

"गजर वाजला न्हाई का?"

"वाजला की." तिची जीभ जड होती, शब्द घोळून यायचे. "मीच बंद केला."

"कशापायी?"

"लई दमला हुता. झोपू दिलं."

डावा हात तिचा चांगला होता. त्याने खोदून खोदून विचारल्यावर तिने कबूल केलं, हे पहिल्यांदा नव्हतं. बरेच दिवस ती मधले गजर त्या हाताने मिटवत आली होती आणि पहाटेचा तेवढा वाजू देत होती, त्याला संशय येऊ नये म्हणून. काल चुकून तोही मिटला. उत्तरेश्वरने तिला वळवली तेव्हा कमरेखाली रुपयाएवढी काळी जखम दिसली. सरुबाईला यमुनाने शपथ घालून गप्प बसवलं होतं. त्याला इतका राग आला की ओरडावंसं वाटलं. तो चादर बदलत राहिला आणि रडत राहिला.

त्या दिवसापासून मोबाइल कपाटावर गेला. पण जखम आत मुरली होती. पू झाला, ताप चढला, दवाखाना झाला. संक्रांतीच्या आत यमुना गेली.

तेजस भेटायला वारज्याला आला. रिकामी कॉट, भिंतीला टेकवलेल्या उशा, मलमाच्या नळ्या बघत अवघडून बसला. सरुबाईने चहा दिला आणि न विचारताच सगळं सांगितलं. "मानूस रातभर जागा आन् दिसभर हुबा. कवा झोपनार हाय त्यो? दुपारची तेवढी व्हायची, ती बी गेली."

तेजसचा चहा तसाच राहिला. "काका, मला बोलला का नाहीत? मी दर आठवड्याला विचारत होतो."

"विचारत होता खरं," उत्तरेश्वर म्हणाला. "मीच हसरं तोंड दाबत होतो."

दिवसकार्य उरकून तो कामावर आला, तेव्हा खुर्ची दिसली नाही. बाराला गिऱ्हाईक होतं, साडेबाराला होतं. एक वाजता तेजस उठला आणि त्याने शटर ओढलं. अर्ध्यावर ते अडकलं. आप्पा तिथे एक लाथ घालायचे. जब्बारभाईने जाऊन ती घातली आणि टेबलाखाली सतरंजी टाकली.

अंधार झाला. पंखा घरघरू लागला. थोड्या वेळाने जब्बारभाई घोरायला लागला. आप्पांच्या गादीवर तेजस जागा होता, त्याच्या श्वासावरून कळत होतं. बाहेर कुणीतरी शटर वाजवलं, पुन्हा वाजवलं.

"चारला या," तेजस आतून म्हणाला. आवाज आप्पांसारखा आला नाही.

उत्तरेश्वर भेंडोळ्यांशेजारी डाव्या कुशीवर डोळे उघडे ठेवून पडला होता. आता तीन तास त्याला कुणी उठवणार नव्हतं, आणि झोप येत नव्हती. तीनच्या सुमारास तो सवयीने उठून बसला. अंधारात त्याने हात पुढे केला. हाताला सतरंजी लागली. जरा वेळ तो तसाच बसला, मग आडवा झाला, उजव्या कुशीवर वळला आणि डोक्याखालची उशी काढून त्याने आपल्या पाठीशी नीट लावली.