पलंगाखालची बँक

पीबल्स साहेबांना मी खोली दिली त्या दिवसापासून गावाने माझ्याशी बोलणं टाकलं. टाकलं तर टाकलं. विधवा बाईने खानावळ चालवायची, ठणकणाऱ्या गुडघ्यांनी दिवसभर जिने चढायचे, आणि वर गावाची मर्जीही राखायची? एवढं त्राण माझ्यात नाही. आलेल्या माणसाला मी अंथरूण आणि जेवण देते. तो कुणाचा माणूस आहे हे विचारत बसत नाही.

पण हा कुणाचा माणूस, ते सगळ्या गावाला माहीत होतं.

आमच्या पायनी बेंडमध्ये बँक एकच, आणि ती माझ्या धाकट्या भावाची. आल्फी टार्पली. दारावर हुद्दा लिहिलाय कॅशियर, पण तिजोरी उघडणारा तोच, कर्ज देणारा तोच आणि संध्याकाळी फरशी पुसणाराही तोच. बँक चालायची ती वटणावळीवर. गावातल्या कुणी शहरातल्या व्यापाऱ्याला चेक लिहिला की तो फिरत फिरत आल्फीकडे यायचा, आणि आल्फी पैसे पाठवताना शंभराला दहा सेंट कापून घ्यायचा. बाहेरगावचा चेक गावात कुणी वटवायला आणला, तरी निदान दहा सेंट गेलेच. आईच्या मयताला मामाने दुरून चेक पाठवला होता, त्यातूनही याने कापले आणि मलाच म्हणतो, "ताई, नियम म्हणजे नियम." आईच्या मयताला!

मग सरकारने शहरात बँकांची बँक काढली. तिने सगळ्या बँकांना कळवलं, की चेकवर जेवढं लिहिलंय तेवढं द्या, कापाकापी बंद, आणि तसं कबूल म्हणून या कागदावर सही करा. आल्फीने केली नाही. "वटणावळ गेली तर खाऊ काय मी, शाई?" असं तो चर्चच्या पायऱ्यांवर ओरडून बोलला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सही नाही म्हटल्यावर बँकांच्या बँकेने पीबल्स साहेबांना पाठवलं. आल्फीच्या बँकेवरचे चेक त्यांच्या नावाने गठ्ठ्याने टपालात यायचे. त्यांनी रोज सकाळी खिडकीशी जाऊन त्या सगळ्यांचे रोख पैसे मागायचे. खिडकीत रोख दिले की वटणावळ कापता येत नाही, आणि रोज इतकी रोकड बाहेर गेली की लहान बँकेच्या तोंडाला फेस येतो. आल्फीची बँक बुडाली असती तर आल्फी बुडाला असता, आणि मीही. माझ्या नवऱ्याच्या विम्याचा पैसा सगळा तिथेच होता.

पीबल्स साहेब गाडीतून उतरले तेव्हा हॉटेलवाल्याने खोल्या भरल्यात म्हणून सांगितलं. भरल्यात कसल्या! तिथे ढेकणांशिवाय कुणी राहत नाही. ते माझ्या ओट्याशी आले. साठीला टेकलेले, खांदे उतरलेले, दोन्ही पायांना कुरपं. हॅट काढून म्हणाले, "बाईसाहेब, तुम्हाला त्रास होईल हे मला ठाऊक आहे. नाही म्हणालात तरी मी समजून घेईन."

इतकं दमलेलं माणूस मी नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्यानंतर पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "आत या. पाय पुसून या."

संध्याकाळी आल्फी आला, लाल होऊन.

"ताई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? माझा गळा कापायला आलाय तो, आणि तू त्याला बिस्किटं खाऊ घालतेस?"

"तुलाही घालते की. बस."

"लोक काय म्हणतील?"

"तुझे लोक माझं छप्पर शाकारायला येतात का? आठवड्याचे सात डॉलर देणार आहे तो."

"सगळी अक्कल देवाने मलाच दिली बहुतेक," असं म्हणून तो निघाला, आणि जाता जाता दोन बिस्किटं खिशात घालून गेला.

दुसऱ्या दिवसापासून आल्फीने आपली युक्ती काढली. चेकचे पैसे द्यायलाच हवेत, पण नोटांत द्यायला हवेत असं कुठे लिहिलंय? त्याने चिल्लर द्यायला सुरुवात केली. सेंट, पाच सेंटांची निकल, फार तर चांदीचे डॉलर. अंगठा ओला करून एकेक नाणं सरकवायचा. मध्येच कुणी आत आलं की रामराम, हवापाणी, कापसाचा भाव, आणि मग "अरे, कुठवर आलो होतो बरं?" म्हणून पहिल्यापासून. पीबल्स साहेब समोर उभे. बसायची खुर्ची आल्फीने आदल्या दिवशीच माळ्यावर टाकली होती. बँक बंद व्हायची वेळ झाली की उरलेले चेक उद्या.

स्टेशनवरचा पार्सल-कारकून आल्फीचा साडू. तो नाण्यांच्या गोण्या घेईना. आज वजनकाटा मोडलाय, उद्या पावत्या संपल्यात. शेवटी त्या गोण्या पीबल्स साहेब माझ्याच ढकलगाडीवरून घरी आणायचे आणि पलंगाखाली सारायचे. खालच्या खोलीचं छत करकरायला लागलं.

रात्री ते परातीत गरम पाणी घेऊन पाय बुडवून बसत. मी मक्याचा पाव आणि ताक नेऊन ठेवायची.

एकदा मी विचारलं, "साहेब, तुम्हाला कंटाळा नाही येत याचा?"

"येतो की, लूडीबाई. तुमच्या भावालाही येत असेल. मोजून मोजून त्याचा अंगठा सोललाय, पाहिलात का?"

पाहिला होता. आल्फी रात्री त्याला लोणी लावायचा. दोघेही थकले होते आणि दोघांपैकी एकालाही थांबता येत नव्हतं. मला दोघांचाही राग येत होता आणि दोघांची कीवही.

आठवडा सरायला आला तशी आल्फीची चिल्लर संपत आली. मग पाद्रीबुवांनी बुधवारच्या प्रार्थनेत डोकं चालवलं. म्हणाले, "बंधुभगिनींनो, ज्याच्या घरी डब्यात, बरणीत चिल्लर असेल त्याने शनिवारी बँकेत नेऊन भरावी. टार्पलीच्या हाती चिल्लर कमी पडता कामा नये. त्या सरकारी माणसाला नाताळपर्यंत मोजत बसवू!" लोक खूश. इतका सोपा धर्म त्यांना आजवर कुणी सांगितला नव्हता.

शनिवारी सकाळीच बँकेपुढे रांग लागली. कुणाच्या हातात बरणी, कुणाच्या हातात पायमोजा भरून सेंट. क्रमली दुकानदार तर काकवीचा डबाच घेऊन आला, नाणी चिकट झालेली. आल्फी दारात उभा राहून सगळ्यांशी हात मिळवत होता. पीबल्स साहेबांनी लांबून रांग पाहिली आणि पाय ओढत घरी परत आले. म्हणाले, "आज माझा नंबर लागायचा नाही."

पण शनिवार म्हणजे कापसाच्या बाजाराचा दिवस, हे पाद्रीबुवांच्या ध्यानात कसं राहिलं नाही, देव जाणे. नदीपलीकडचे लोक गाड्या भरून आले. ते काही आमच्या चर्चला येत नाहीत, त्यांना बुधवारचं काय ठाऊक? त्यांना दिसली ती बँकेपुढची लांबलचक रांग. आणि त्यांनी आठवडाभर ऐकलं होतं, की सरकारी माणूस रोज गोण्या भरून पैसा काढून नेतोय.

"बँक बुडाली!" कुणीतरी गाडीवरूनच ओरडलं.

झालं. उड्या टाकून ते रांगेत घुसले. "माझे पैसे द्या! आत्ता द्या!" आमची माणसं आधी हसली. "अहो, आम्ही भरायला उभे आहोत!" मग सगळ्यात पुढे घुसलेला नदीपलीकडचा माणूस आपले सगळे पैसे घेऊन बाहेर पडला, त्याच्या मागचाही पडला, आणि आमच्या लोकांचं हसू मावळलं. क्रमली म्हणाला, "माझा डबा परत दे, आल्फी. आणि खात्यातलंही दे. माझा तुझ्यावर विश्वास आहे रे, पण दे."

मी बाजाराला निघाले होते, ती तिथेच थबकले. खिडकीआड माझा भाऊ नोटा मोजत होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने मला पाहिलं. "ताई," एवढंच म्हणाला. लहानपणी विहिरीत पडला होता तेव्हा अशीच हाक मारली होती त्याने.

गुडघे विसरून मी घरी पळाले. पीबल्स साहेब परातीत पाय टाकून बसले होते.

"उठा! तुमच्या पलंगाखाली माझ्या भावाची बँक आहे, ती परत द्या!"

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "ते पैसे माझे नाहीत, लूडीबाई. घेतलेला पैसा शहरातच पाठवायचा, दुसरीकडे कुठेही ठेवायचा नाही, असा हुकूम आहे. मी ठेवला तर मला काढून टाकतील. या वयात मला कोण घेईल?"

"मग बसा पाय भिजवत!" मी म्हटलं. माझा आवाज चिरकला. "माणसं मरू द्या, हुकूम जगू द्या!"

मी जिन्याशी पोचले तेव्हा ते मागून बोलले, "रांग कुठवर गेलीय?"

"क्रमलीच्या दुकानाच्या पुढे."

"माझ्या दारातली रांगही एवढीच लांब होती," ते म्हणाले. "टेनेसीत. मीही खिडकीच्या आतल्याच बाजूला होतो, बाईसाहेब. माझी छोटी बँक होती. दुपारपर्यंत टिकली."

मग त्यांनी ओल्या पायांवरच बूट चढवले.

गोण्या आम्ही दोघांनी खाली आणल्या. कशा आणल्या ते विचारू नका, माझी कंबर अजून धरते. रस्त्याने ढकलगाडी कुरकुरत निघाली तशा माना वळल्या. पीबल्स साहेब पुढे घुसले नाहीत. रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले, हॅट काढून, आपल्या पाळीची वाट बघत.

"काय हो, आणखी न्यायला आलात का?" कुणीतरी खेकसलं.

"नाही. भरायला आलोय," ते म्हणाले. "माझ्या खोलीत हा पैसा सुरक्षित वाटेना. इथे वाटतो."

हे वाक्य रांगेत पुढे पुढे गेलं. सरकारी माणूस भरतोय? खुद्द सरकारी माणूस? लोकांनीच त्यांना वाट करून दिली. आल्फीने गोणी उघडली आणि तो भराभर नाणी ओढायला लागला.

"टार्पली साहेब, नीट मोजा," पीबल्स साहेब म्हणाले. "मला अजिबात घाई नाही."

आल्फीने वर पाहिलं. त्याला कळलं. त्याने अंगठा ओला केला आणि एकेक नाणं सरकवायला लागला. सगळा आठवडा दुष्टाव्याने मोजली होती ती नाणी त्या दुपारी त्याने तितक्याच सावकाश मोजली, आणि पीबल्स साहेब त्याच्यासमोर ओल्या बुटांत उभे राहिले. मोजणी संपेना तसे लोक जांभया द्यायला लागले. पलीकडच्यांना उजेडात नदी ओलांडायची होती, ते गेले. क्रमली काकवीचा डबा खिडकीत ठेवून मुकाट्याने घरी गेला. बँक बंद व्हायच्या वेळेला दारात मी एकटीच होते.

आल्फी खिडकीआडून बाहेर आला. खालमानेने माळ्यावर चढला, खुर्ची काढून आणली, धूळ पुसली आणि पीबल्स साहेबांपुढे ठेवली. ते बसले.

सोमवारी तार आली. नोकरीवरून कमी. ते पैसे मात्र बँकांच्या बँकेने आल्फीकडून पै न पै मागवून घेतले, तो भाग वेगळा.

निघताना त्यांनी माझ्या खानावळीचा चेक लिहून दिला, त्यांच्या टेनेसीतल्या गावच्या एका बँकेवरचा. चेहरा ओशाळा. "तिथली बँकही वटणावळ कापते, लूडीबाई. तिथेही मला जायचं होतं, पण पाळी आली नाही. दहा सेंट कमी मिळतील तुम्हाला. माझ्याजवळ सुटे नाहीत." आठवडाभर नाण्यांवर झोपलेला माणूस हे बोलत होता. मला रडू आलं, आणि मी चेकचा नाही, पायांचा विषय काढला. कुरपांना लावायला एरंडेल दिलं बाटलीत.

ज्या गाडीने ते गेले तिच्यातूनच त्यांच्या जागी दुसरा उतरला. तरणाबांड, नवे बूट. तो राहिला त्या ढेकणांच्या हॉटेलात. गावाला आता नाही म्हणायची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मी चेक घेऊन बँकेत गेले. नवा माणूस खिडकीशी चेकचा गठ्ठा घेऊन उभा होता आणि आल्फी त्याला सेंट मोजून देत होता. त्या कागदावर आल्फीने त्यालाही सही दिली नव्हती, आणि पुढेही कधी दिली नाही. मी मध्येच चेक सरकवला.

आल्फीने तो वाचला. खालची सही पाहिली. मग खणातून नवे कोरे सात डॉलर काढून माझ्यापुढे ठेवले.

मी मोजले. परत मोजले. "आल्फी, वटणावळ कापायची राहिली."

"नाही राहिली," तो म्हणाला, आणि अंगठा ओला करून पुन्हा त्या नव्या माणसाचे सेंट मोजायला लागला.