अविनाशरावांची आहेरबंदी

तुमच्या घरात किंवा शेजारच्या घरात असा एक माणूस नक्की असेल, जो चहा निवला तरी पीत नाही, कारण त्याला कुणाला तरी उत्तर द्यायचे असते. भाजीचा रंग, बायकोची नवी ओढणी, दारातला कुरियरवाला यातले काहीच त्याला दिसत नाही. दिसते ते एवढेच, की ग्रुपवर कुणीतरी काहीतरी चुकीचे लिहिले आहे.

सुरतेत अडाजणला राहणारे अविनाश बोरसे हे असेच एक गृहस्थ. बँकेत अधिकारी, स्वभावाने सरळ, आणि समाज सुधारला पाहिजे या मताचे. आपल्या खान्देशी मंडळींचा एक मोठा ग्रुप फोनवर होता. त्यात हातमागावरचे, यंत्रमागावरचे, दुकानदार, शिक्षक, नोकरदार असे सगळे. अ‍ॅडमिन लोटूनाना. नानांचे काम एकच, रोज सकाळी उगवत्या सूर्याचे चित्र टाकायचे.

अविनाशरावांची धाकटी बहीण शोभा सुरतेतच पर्वत पाटिया भागात राहायची. तिची मुलगी अनुजा हिचा साखरपुडा रविवारी थाटात झाला. शोभाने रीतीप्रमाणे आलेल्या प्रत्येक बाईला पाटावर बसवले, कुंकू लावले, ओटी भरली आणि साडी दिली. लग्न पुढच्याच महिन्यात होते. मामा म्हणून अनुजाला मांडवात आणायचे आणि मंगलाष्टकांच्या वेळी तिच्या मागे उभे राहायचे, हे काम अविनाशरावांचे. त्यासाठी त्यांनी नवा कुर्ताही शिवायला टाकला होता.

सोमवारी सकाळी लोटूनानांनी मुलाकडच्या सगळ्या मंडळींना ग्रुपमध्ये घेतले. अविनाशरावांनी पाहिले, वाचणारे एकदम वाढले आहेत. आहेराच्या प्रथेवर त्यांनी एक लेख केव्हाचा लिहून ठेवला होता. हीच वेळ, असे म्हणून त्यांनी तो टाकला.

लेख चांगला होता हो, त्यात वाद नाही. कुणी न नेसणाऱ्या साड्या या घरातून त्या घरात फिरत राहतात, गरिबाला ऐपत नसताना मान राखावा लागतो, आपण शिकलेल्या माणसांनी तरी हे थांबवावे, असे सगळे खरेच त्यात होते. फक्त तो साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी नवरीच्या सख्ख्या मामाने टाकला होता.

पहिल्यांदा चार अंगठे आले. दोन जणांनी हात जोडले. मग नवऱ्या मुलाची काकू, कतारगामच्या छायाकाकू, यांनी विचारले, "म्हणजे काल आम्हाला दिलेल्या साड्या फिरतीवरच्या होत्या का?"

"तसा माझा रोख नाही," अविनाशरावांनी लिहिले.

"मग रोख कुणाकडे आहे?"

"मी सर्वसाधारण बोलतो आहे."

"म्हणजे आम्ही सर्वसाधारण?"

आता खुलासा करणे भाग होते. अविनाशरावांनी खुलासा केला. तो मूळ लेखापेक्षा लांब झाला आणि त्यात नाव न घेताही आणखी तीन जणांना आपल्यावरच रोख दिसला. एकाने हुंड्याचा विषय काढला. दुसऱ्याने लिहिले, बँकवाल्यांनी आधी पासबुक वेळेवर भरून द्यावे. दोघे रागाने ग्रुप सोडून गेले, त्यांना लोटूनानांनी परत घेतले, ते पुन्हा गेले. एवढ्या धुमश्चक्रीत नानांनी गुलाबाचे चित्र टाकून 'हसत रहा' असे लिहिले.

आणि मग संध्याकाळी मुलाकडच्या रुपाली नावाच्या एका सुनेने कपाट उघडले. रविवारी मिळालेली जांभळी साडी पसरून तिने फोटो टाकला आणि विचारले, "ही नवी आहे का, जाणकारांनी सांगावे."

दुसऱ्या गावात हा प्रश्न कदाचित तसाच विरून गेला असता. पण हे सुरत आहे. इथे ग्रुपमधला प्रत्येक तिसरा माणूस साडी विणतो, छापतो, घडी घालतो नाहीतर विकतो. बाजारात दलाली करणाऱ्या महेशने क्षणात उत्तर दिले, "ही डिझाईन बंद होऊन चार वर्षं झाली. आता कुठेच मिळणार नाही."

अविनाशरावांना भरून आले. इतका ठसठशीत पुरावा आयता हाती आला होता. त्यांनी लगेच लिहिले, "बघा, माझा मुद्दा सिद्ध झाला. हे लाजिरवाणे आहे."

पाठोपाठ इच्छापोरच्या एका बाईंचा मेसेज आला. "अरे, ही तर आमच्या वास्तुशांतीत मी सुधावहिनींना दिलेली. पदराला लावलेली माझी पिन अजून तशीच दिसतेय."

सुधावहिनी म्हणजे अविनाशरावांची बायको. ती समोरच शेंगा निवडत बसली होती.

"सुधा," अविनाशराव म्हणाले, "आपण शोभाला कधी जांभळी साडी दिली होती?"

"दिली होती की. तुमच्याच हातून. दिवाळीला, भाऊबीजेच्या दिवशी," सुधा म्हणाली. "पिन काढायची राहिली वाटतं."

ग्रुपवर हसणाऱ्या तोंडांचा पाऊस पडला. अविनाशरावांना हसू येत नव्हते. थोड्याच वेळात शोभाचा फोन आला, तोही सुधाच्या फोनवर. शोभाचे एक होते. ती रागावली की पुस्तकी मराठी बोलायची आणि दुखावली की अहिराणीवर यायची. त्या दिवशी ती पुस्तकी बोलत होती.

"वहिनी, दादांना सांगा, आमच्या लाजिरवाण्या घरी येण्याचे त्यांनी कष्ट घेऊ नयेत. अनुजाच्या मागे उभे राहायला आम्ही नंदुरबारच्या चुलतमामांना बोलावत आहोत."

पाठोपाठ अनुजाचा एकच मेसेज आला. "मामा, हवे बस करो ने." म्हणजे, आता पुरे करा ना. मुलगी सुरतेत वाढलेली. मन कळवळले की ती गुजरातीत लिहायची.

अविनाशरावांनी तो पुन्हा पुन्हा वाचला. भाची लहान असताना त्यांच्या खांद्यावर बसून तिने तापीचा पूल पाहिला होता. तिच्या मागे आता दुसराच कुणी उभा राहणार, हे त्यांना सहन होईना. त्यांनी फोन उचलला आणि टाईप करायला सुरुवात केली.

"काय लिहिताय?" सुधाने विचारले.

"जाहीर दिलगिरी. सविस्तर. म्हणजे कुणाचा गैरसमज राहणार नाही. पाच मुद्दे केलेत."

सुधाने शेंगांचे ताट बाजूला ठेवले. ती शाळेत शिक्षिका होती आणि वर्गात आवाज न चढवता बोलायची तिला सवय होती.

"मला एक सांगा. बँकेत एखाद्याचा चेक परत आला तर तुम्ही काय करता? हॉलमध्ये उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगता?"

"छे. केबिनमध्ये बोलावतो."

"खुर्ची देता?"

"देतो की. पाणीसुद्धा देतो."

"परक्या माणसाला खुर्ची देता, पाणी देता. मग सख्ख्या बहिणीला हॉलमध्ये उभं का केलंत?"

"पण मी तिच्याबद्दल लिहिलंच नव्हतं. मी समाजाबद्दल लिहिलं."

"समाज कुठे राहतो हो? एक पर्वत पाटियाला राहतो, एक कतारगामला. दोघांबरोबर तुम्ही कालच जेवलात. त्यांना विचारावंसं तेव्हा नाही वाटलं?"

अविनाशराव म्हणाले, "माझा मुद्दा चुकीचा आहे का?"

"मुद्दा सोळा आणे बरोबर आहे. मला स्वतःला त्या साड्यांचा कंटाळा आलाय. पण बरोबर मुद्दा असलेला माणूस ऐकून घ्यायचं विसरतो, आणि मग समोरच्याला फक्त त्याचा आवाज ऐकू येतो. त्या फोनवर तर तुमचा चेहराही दिसत नाही. तुम्ही लिहिताना काळजीने लिहिलं असेल, वाचणाऱ्याला ते टोमणे वाटले. पाच मुद्द्यांची दिलगिरी टाकलीत तर त्यावर आणखी पन्नास मुद्दे येतील. फोन ठेवा इथे. आणि जा."

फोन तिने काढून घेतला आणि तांदळाच्या डब्यावर ठेवला. अविनाशराव स्कूटर काढून निघाले. वाटेत दोनदा सिग्नलला त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला.

दार अनुजाने उघडले. शोभाचे यजमान धुडकूराव टीव्हीसमोर बसले होते. त्यांनी मेहुण्याला पाहिले, 'या' म्हटले आणि या भावंडांच्या भानगडीत आपण नसलेले बरे म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला. शोभा आतून आली. तिने भावाकडे पाहिले आणि म्हणाली,

"माहीत नही का तुले मनं घर? रस्ता भुली गयथा का?"

अहिराणी. लिहिण्याआधी घरी येऊन का बोलला नाहीस, हेच ती विचारत होती. चिडलेली शोभा परवडली असती.

"चुकलं माझं, शोभा," ते म्हणाले. एवढेच म्हणाले. येताना वाटेत त्यांनी बरेच काही जुळवले होते, ते सगळे त्यांना बोलवेना.

शोभा पाटावर टेकली. "तुला एक सांगू का दादा? आहेर मलाच बंद करायचा होता. मी छायाकाकूंशी हळूहळू बोलणार होते. लग्नात तरी साड्या नकोत, असं ठरवत होते. आता कसं ठरवू? आता मी बंद केलं तर लोक म्हणणार, भावाने चारचौघांत लाजवली म्हणून बंद केलं. आता मला उलट भारीतल्या साड्या घ्याव्या लागणार. प्रत्येकीला नवी, आणि पावती दाखवून."

अरे देवा! ज्या प्रथेविरुद्ध लेखणी उचलली, ती प्रथा अविनाशरावांनी स्वतःच्या हाताने आणखी घट्ट करून ठेवली होती. ते खुर्चीत खचून बसले.

"आणि तुला वाटतं बायका साडीसाठी येतात?" शोभा पुढे म्हणाली. "आमच्या गल्लीत पाहा. कुणी अमळनेरची, कुणी बीडची, कुणी वाशीमची. नवरे कारखान्यात, माहेर लांब. कुणी त्यांचं नाव घेऊन त्यांना पाटावर बसवत नाही, कुंकू लावत नाही. त्या त्यासाठी येतात रे. साडी कुणालाच नको असते. तुला साडी दिसली म्हणून तू साडीवर लिहिलंस. तो पाट तुला दिसलाच नाही."

"नाही दिसला," अविनाशरावांनी कबूल केले. "मी पुरुषांच्या पंगतीत होतो. आणि खरं सांगायचं तर तिथेही फोन बघत होतो."

शोभाला हसू आले. तिने ते लपवले, पण चहा मात्र टाकला.

दुसऱ्या दिवशी दोघे मिळून कतारगामला गेले. छायाकाकूंनी दार उघडले आणि बसा म्हटले, पण चेहरा इस्त्री केल्यासारखा होता. अविनाशरावांनी घसा साफ केला. "काकू, माझं म्हणणं तीन भागांत..."

शोभा खोकली.

अविनाशराव थांबले. मग त्यांनी त्या दोन दिवसांत ग्रुपवर एकदाही न विचारलेला प्रश्न विचारला. "काकू, तुम्हाला काय वाटतं?"

छायाकाकू आधी गडबडल्या. मग बोलायला लागल्या त्या थांबेनात. साखरपुड्याहून घरी गेल्यावर त्यांच्या जावेने साडीची किंमत काढली होती. तो राग मनात असताना लेख वाचला, आणि वाटले, सगळ्या ग्रुपसमोर आपल्याला हलक्यात काढले. बोलता बोलता त्यांनी उठून कपाट उघडले. वरपासून खालपर्यंत पिशव्यांत घातलेल्या साड्या होत्या.

"या मी कधी नेसू सांगा? पण नको म्हणायची सोय नाही. मुलाकडची बाई नको म्हणाली की लोक समजतात, हिला हलकी वाटली असेल, भारीतली हवी असेल."

"मग लग्नात बंद करायचं का?" शोभाने विचारले.

"तुम्ही करत असाल तर माझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल. पण लेखबिख नको हं. मीच एकेकीला फोन करून सांगते. मुलाकडूनच नको म्हटलं, की तुम्हाला कुणी बोल लावणार नाही."

तीन कप चहा आणि एक वाटी चिवडा, एवढ्यात झाले. ग्रुपवरचे सगळे मेसेज एकीकडे आणि हे एकीकडे. अविनाशराव चिवडा खात मनातल्या मनात शरमले, आणि खरे सांगायचे तर त्यांना बरेही वाटले.

छायाकाकूंनी शब्द पाळला. फोनवर फोन केले. कुणी कुरकुरले, महेश दलाल तर सर्वांत जास्त, पण बहुतेक बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. ग्रुपवर अविनाशरावांनी एकच ओळ लिहिली, 'अनुजाच्या लग्नाला सर्वांनी यावे.' त्यावर वाद घालायला कुणाला काही सापडले नाही.

लग्नाच्या दिवशी मांडवात अनुजाच्या मागे अविनाशराव उभे होते. नंदुरबारचे चुलतमामा पहिल्या रांगेत बसून लाडू खात होते आणि त्यांची काही तक्रार नव्हती. मंगलाष्टके संपली, अनुजाने वळून मामांकडे पाहिले, तेव्हा त्यांना डोळे पुसायला रुमाल मिळेना.

दुपारी बायकांना पाटावर बसवले. कुंकू, तांदूळ, नारळ. साडी नाही. शोभाने भावाला शेजारी उभे केले आणि प्रत्येकीचे नाव मोठ्याने घ्यायला सांगितले. बरीच नावे त्यांनी कित्येक वर्षे फोनवर पाहिली होती, काहींशी भांडणेही केली होती. माणसे मात्र ते पहिल्यांदाच पाहत होते. एक बाई पाटावर बसली, तिने आपले नाव ऐकले आणि ती नुसतीच हसली. खूप वेळ हसत होती.

मंडळी, समाजातल्या वाईट चाली मोडल्याच पाहिजेत. गप्प बसणे हा काही शहाणपणा नव्हे. पण ज्याची चूक आपण दाखवतो, तो आपलाच माणूस असतो आणि त्याचीही काही बाजू असते. चारचौघांत ठणकावले की तो चूक सोडत नाही, आपली अब्रू सांभाळायला लागतो. त्याच्यासमोर बसावे, आधी विचारावे, मग सांगावे. सुधारणा लवकर होते आणि नातीही शाबूत राहतात.

अविनाशराव हे शिकले. चुकीच्या गोष्टी त्यांना आजही खुपतात, आणि ते बोलतातही. फक्त आता फोन उचलण्याआधी ते पायात चप्पल घालतात.