लोडिगिनांचं धुराडं

"आजोबा, आमची भट्टी रडते."

दारात उभी राहून ती एवढंच म्हणाली. कडेवर चार महिन्यांची मुलगी, दोन शालींत गुंडाळलेली. तिखोन लोडिगिनची बायको ती, रिम्मा. ऑक्टोबरात ही मंडळी लोडिगिनांच्या बंद घरात राहायला आली, आणि तेव्हापासून माझ्या खिडकीतून त्यांच्या धुराड्याचा धूर दिसायचा. मी खिडकीकडे पाठ करून जेवायला बसू लागलो होतो. आज ना उद्या कुणीतरी येणार हे मला ठाऊक होतं. पिनेगा नदीच्या या काठावर घर उबवणारी भट्टी बांधणारा माझ्याशिवाय आहे कोण?

"भट्ट्या रडत नाहीत," मी बटाटे सोलता सोलता म्हटलं. "ओली लाकडं घालत असाल."

"दोन वर्षं वाळलेला बर्च आहे. वारा सुटला की रडते. बाई रडते तशी. मग तिखोन उठतो आणि धुराड्याची झडप लावून टाकतो."

"निखारे पेटलेले असताना?"

"हो ना! त्याला तो आवाज सोसतच नाही. एवढा दांडगा गडी, लाकडाच्या वखारीत ट्रॅक्टर चालवतो, पण आवाज आला की पांढराफटक पडतो. विचारलं तर माझ्यावरच खेकसतो."

"सकाळी डोकं दुखतं तुझं?"

"रोज. कसं ओळखलंत?"

"आणि हिचं काय?"

"ही फार शांत आहे हो. झोपलेलीच असते. सगळ्या बायका म्हणतात, किती गुणी पोर."

सुरी टाकली, कोट चढवला, हातोडी आणि थापी पिशवीत घातली. रिम्मा म्हणत होती की रविवारी आलात तरी चालेल. मी तिला काय सांगणार होतो? त्या भट्टीने एकदा एक जीव घेतला आहे, आणि तो कसा घेतला हे जगात एकट्या मलाच ठाऊक होतं.

ती भट्टी मीच बांधली. युद्ध संपून सहा वर्षं झाली होती. तिखोनचा बाप पानक्रात लोडिगिन तेव्हा लाकूडतोडीच्या तुकडीचा मुख्य होता. नवं घर, नवी भट्टी. मी मान मोडून काम केलं. विटा एकेक वाजवून घेतल्या, लाकडी भिंत आणि विटा यांच्यात वीतभर जागा सोडून ती मातीने भरली, जिथे धुराडं छतातून जातं तिथे विटांची दुहेरी कड केली, म्हणजे तुळईला धग लागू नये. भट्टीसमोरच्या जमिनीवर पत्रा ठोकला. त्या भट्टीत आजही तुम्हाला एक फट सापडणार नाही.

आमच्याकडे पहिला धूर निघतो त्या दिवशी घरची बाई मांस भरलेले जाडजूड पाव भाजते आणि भट्टीवाल्याला मेजाच्या मधोमध बसवते. त्या दिवशी पानक्रातकडे जिल्ह्याचे साहेब आले होते. मी हात धुऊन आत पाऊल टाकलं, तर हा मोठ्याने म्हणाला, "ए येफिमका, काळतोंड्या, माझी पांढरी चादर खराब करशील. जा, बाहेर बस, तुला तिकडेच देतील." सगळे हसले. मी बाहेरच्या थंड पडवीत, बादल्यांच्या शेजारी बसून जेवलो. त्याची बायको उस्तिन्या ताट घेऊन आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने जास्तीचा एक पाव माझ्या खिशात घातला आणि म्हणाली, "मनावर घेऊ नका हो, येफिम साव्विच." मी घेतलं मनावर. छत्तीस वर्षांचा होतो, बर्लिनपर्यंत चालत जाऊन आलो होतो, आणि मला पडवीत बसवतो?

धुराड्याचं तोंड बांधायचं बाकी होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी रिकाम्या केलेल्या बाटल्यांपैकी दोन मी उचलल्या, त्यांचे गळे तोडले, आणि वरून तिसऱ्या थरात, तोंडं आत करून, विटांमध्ये बसवले. वर ताग आणि मातीचं बूच. चार-पाच आठवडे धग लागली की बूच झडतं, आणि मग वाऱ्याच्या दिवशी धुराडं असं विव्हळतं की घरात कुणी मेलंय असं वाटावं. ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. माझ्या गुरूने दोनदा केली होती. घरमालक आठवड्याभरात हातापाया पडत येतो, आपण वर चढतो, गळे काढतो आणि सगळा गाव हसतो. पानक्रात येईल तेव्हा त्याला माझ्या पडवीत किती वेळ बसवायचं तेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं.

पानक्रात आला नाही. दोन महिने झाले तरी आला नाही, इतका आडमुठा माणूस. जानेवारीत तो जंगलातल्या तळावर असताना शेजारीण सकाळी दूध घेऊन गेली. उस्तिन्या भट्टीच्या माथ्यावर, उबेला झोपायच्या ओट्यावर, अंथरुणात होती, गाल लालबुंद, जिवंत असल्यासारखी. आठ वर्षांचा तिखोन रांगत दाराशी आला होता. दाराखालच्या फटीपाशी तोंड होतं म्हणून वाचला. झडप बंद होती, निखाऱ्यांचा विषारी वायू घरातच कोंडला होता. गाव म्हणाला, ऊब वाचवायला गेली बिचारी, घाई केली. अशी चूक आमच्याकडे दरसाल कुणी ना कुणी करतं, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही. मला कळलं. झडप उघडी असली तरच आवाज खोलीत येतो, बंद केली की थांबतो. तिने ऊब वाचवायला झडप लावली नव्हती, तो आवाज बंद करायला लावली होती.

मी मूग गिळून गप्प बसलो. पानक्रात घर बंद करून शहरात गेला, दारू पिऊन मेला. पोराला मावशीने वाढवलं. भट्टीच पेटणार नाही तर धोका कसला, असं मी मनाला समजावत राहिलो. पण वारा सुटला की त्या बंद घराच्या छपरावरून तो आवाज यायचा, बारीक, धरून धरून. मी दुकानात जायला नदीकाठची लांबची वाट धरली आणि अठ्ठावीस वर्षं त्याच वाटेने गेलो. यांच्या घरात धूर दिसला त्याच दिवशी मी जायला हवं होतं. गेलो नाही. काय सांगून वर चढू, या विचारात चार महिने घालवले. असा मी माणूस.

त्या दुपारी घरात शिरलो तेव्हा झडप बंदच होती. तिखोन जेवून कामावर परत जाताना लावून गेला होता. मी भट्टीचं दार उघडलं. निखाऱ्यांवर निळ्या ज्योती खेळत होत्या, दिसायला फार सुंदर.

"मुलीला घे आणि बाहेर जा," मी रिम्माला म्हटलं.

"बाहेर? उणे वीस आहे!"

"जा म्हणतो ना!"

झडप उघडली, दार सताड उघडलं. वाऱ्याचा झोत धुराड्यात घुसला आणि माझ्या डोक्यावर तो आवाज सुरू झाला. अठ्ठावीस वर्षं मी तो लांबून ऐकला होता. आत, त्या भिंतीपाशी, तो अगदी माणसाचा होता. मीच बनवलेला आवाज, कशातून येतो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तरी मी बाकावर बसलो आणि म्हणालो, "उस्तिन्या, येतो गं, काढतो." मोठ्याने म्हणालो. मला लाज वाटली नाही.

शिडी लावून छपरावर गेलो. चौसष्टाव्या वर्षी बर्फाळ छपरावर पोटावर सरकत जाणं म्हणजे काय ते मला विचारा. हात आत घातला, तिसरा थर बोटांनी मोजला. दोन्ही गळे होते तसेच होते, काजळीने काळे, गुळगुळीत. हातोडीने ठोकून काढले आणि कोटाच्या खिशात टाकले. आवाज चाकूने कापावा तसा थांबला.

"काय होतं हो, आजोबा?" खालून रिम्मा ओरडली. तिच्याजवळ दोन शेजारणीही येऊन उभ्या होत्या, माना वर करून.

तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "कावळ्याचं घरटं!"

छपराच्या झरोक्यातून हात पोचेल असा माळ्यावर जुन्या काड्यांचा ढीग होता, त्यातल्या मूठभर काजळीत चोळून मी खाली फेकल्या. बायकांनी "अगं बाई" केलं. मग माती कालवायला पाणी हवं म्हणून बादली घेऊन मी नदीवर गेलो, आणि बर्फात पाण्यासाठी पाडलेल्या भोकात दोन्ही गळे सोडून दिले. बुडताना दिसलेही नाहीत. परत येऊन खाचा लिंपल्या. मला इतकं हलकं वाटत होतं की शीळ घालावी.

तिखोन चार वाजता आला. रिम्मा मुलीला घेऊन शेजारणीकडे बसली होती, घर अजून गार होतं म्हणून. आम्ही दोघांनी भट्टी पेटवली. बाहेर वारा जोरात होता. धुराडं नुसतं ओढत होतं, स्वच्छ, मुकं. तो डोकं वाकडं करून ऐकत राहिला, बराच वेळ.

"आता ऐक," मी त्याला म्हटलं. "शेवटचं लाकूड जळून निखारे झाले की सळईने ढवळायचं. एखादा अर्धवट जळालेला ठोकळा राहिला तर चिमट्याने धरून बाहेर बर्फात फेकायचं. निळी ज्योत एक जरी दिसली तरी झडपेला हात लावायचा नाही. ऊब गेली तर गेली. स्वेटर घाल."

"मला माहीत आहे, काका."

"माहीत आहे आणि तरी लावतोस? घरात तान्हं पोर आहे, गाढवा!"

तो सळई उचलून निखारे ढवळू लागला. मग भट्टीकडे बघतच, जणू निखाऱ्यांना सांगतोय तसं, म्हणाला, "त्या दिवशीही मीच लावली होती."

"कुठल्या दिवशी?"

"आई वर झोपली होती. आवाज सुरू झाला. मला भीती वाटली. मी स्टुलावर चढलो आणि झडप लावली. मला वाटलं, सकाळी तिच्या आधी उठून उघडीन." त्याने तोंडावरून हात फिरवला. "सगळे म्हणाले आईने लावली. बाबा तिच्या थडग्यावर उभे राहून तिला मूर्ख म्हणाले. मी बोललो नाही. रिम्मालाही सांगितलं नाही. इथे परत आलो ना, तो आवाज ऐकायलाच आलो होतो. वाटलं, तीच आहे, एकदा बसून ऐकून घ्यावं काय म्हणते ते. पण जमेना. आला की हात आपोआप झडपेकडे जायचा."

इतकी वर्षं मी एका बाईचा जीव स्वतःच्या नावावर धरून बसलो होतो. एका आठ वर्षांच्या पोराने तोच जीव स्वतःच्या नावावर धरला आहे, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी घाबरट आहे, पण इतका नाही. मी सगळं सांगितलं. पडवी, बाटल्या, बूच, तिसरा थर. काहीच गाळलं नाही.

"तो आवाज मी केला, तिखोन. तुझा हात नव्हता तो, माझा होता. तू पोर होतास. तुझा काही दोष नाही."

तो माझ्याकडे वळला. मला वाटलं, मारतो आता. मनातून मारावं असंच वाटत होतं. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं, इतकं मऊ की मला बघवेना.

"काका," तो म्हणाला, "घरटं होतं ना? रिम्माने काड्या दाखवल्या मला."

"काड्या मी माळ्यावरून आणल्या! खोटं बोललो मी!"

"मग बाटल्या कुठे आहेत?"

"नदीत. बर्फाच्या भोकात टाकल्या."

"नदीत," तो म्हणाला, लहान मुलाची गोष्ट ऐकावी तसा.

"देवाशपथ सांगतो! चल वर, लिंपलेल्या खाचा दाखवतो!"

"भेगा तर तुम्ही बुजवणारच की. तेवढ्यासाठीच बोलावलं होतं." त्याने माझे दोन्ही खांदे धरले आणि आमच्या रीतीप्रमाणे तीनदा माझ्या गालांचं चुंबन घेतलं. त्याचे गाल ओले होते. "मला बरं वाटावं म्हणून तुम्ही हे अंगावर घ्यायला निघालात. उभ्या आयुष्यात माझ्यासाठी कुणी इतकं केलं नाही. पण हात माझाच होता, काका. असू दे. तुम्हाला सांगितलं, तेवढ्याने हलकं वाटलं."

मी ओरडलो, मेजावर मुठी आपटल्या. त्याने मला पाणी दिलं.

तेव्हापासून रोज दुपारी मी त्यांच्याकडे जातो. निखारे ढवळतो, निळी ज्योत गेली की झडप मीच लावतो. रिम्माचं डोकं दुखत नाही आता, आणि ती गुणी पोर गाव डोक्यावर घेण्याइतकी रडते. निघताना तिखोनला एकदा तरी सांगतो, मीच बसवले होते रे ते. तो मान डोलावतो आणि माझा कोट धरून उभा राहतो. परवा त्याने मुलीला मांडीवर घेतलं, तिचं बोट धरून माझ्याकडे दाखवलं आणि म्हणाला, "हे बघ, सोन्या, हे आपले येफिम आजोबा. यांच्याइतका भला माणूस तुला सबंध गावात सापडायचा नाही."