शंभरपैकी शंभर

आमच्या ह्यांना सगळे उस्ताद म्हणतात. कंपनीत म्हणतात, जिन्यात शेजारी म्हणतात, आणि भांडण झालं की मीही म्हणते. लिफ्ट दुरुस्त करण्यात ह्यांचा जन्म गेला. कुठल्याही इमारतीत तळमजल्यावर उभं राहून नुसत्या आवाजावरून सांगायचे, बिघाड वर आहे की खाली. घरातला नळ मात्र टपटप गळत राहायचा. "ते माझ्या खात्यात येत नाही," म्हणायचे. मग मीच पान्हा घेऊन तो आवळायची, आणि आवळताना जे तोंड सोडायची ते शेजारपाजारही ऐकायचे.

ह्या कामाची एक रीत आहे, ती आधी सांगते. लिफ्टच्या कामाला जोडी लागते. एक वर बटणापाशी, दुसरा खाली, लिफ्टच्या तळाशी असलेल्या खड्ड्यात. वरच्याने लिफ्ट हलवण्याआधी ओरडून विचारायचं, "हलवू का?" खालच्याने म्हणायचं, "हलव." नाहीतर म्हणायचं, "थांब, आत माणूस आहे." उत्तर आलं नाही तर बोटसुद्धा लावायचं नाही, मग साहेब डोक्यावर येऊन बसला तरी. ही रीत ह्यांनी लग्नानंतर घरातही आणली. कपाट सरकवायचं तरी आधी "हलवू का?" मी बाथरूमचं दार वाजवलं की आतून गंभीर आवाज यायचा, "थांब, आत माणूस आहे."

"माहितीय माणूस आहे! पाणी शिल्लक ठेवा त्या माणसाला सांगा!" मी बाहेरून ओरडायची. आमची लेक हे ऐकतच मोठी झाली, आता ती तिच्या नवऱ्याला हेच ऐकवते.

तर कंपनीने सगळ्या मिस्त्री लोकांना एकेक टॅब दिला. लिफ्टमध्ये रोज नवं काहीतरी येतं, ते शिकायला हवं. सगळ्यांना एका वर्गात कोंबून एकच धडा वाचून दाखवण्यात काही अर्थ नाही, म्हणून ही कृत्रिम बुद्धिमत्तेची शिकवणी. माणूस कुठे अडतो, कुठे चुकतो, उत्तर द्यायला किती वेळ लावतो, हे ती टिपून घेणार आणि दुसऱ्या दिवशी खास त्याच्यापुरता पाठ तयार करणार.

"म्हणजे घरी येणारी मास्तरीण," मी म्हटलं.

"घरात एक होतीच की!" हे म्हणाले. आणि टॅब कपाटावर ठेवून दिला.

पण ठेवून चालणार नव्हतं, पाठ रोज करावाच लागे. सकाळी कामावर निघायच्या आधी हे खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे आणि त्या टॅबशी हुज्जत घालायचे. सुरुवातीला सत्तर पडायचे, बासष्ट पडायचे. "ह्या डब्याने कधी हाताला ग्रीस लावलंय का? मला शिकवतोय!" असं म्हणून पाय आपटत निघून जायचे. मी हसायची. मग हळूहळू गुण चढू लागले. ऐंशी, नव्वद, आणि मग रोज शंभर. पाठ संपला की टॅबच्या आतली बाई गोड आवाजात म्हणायची, "उत्तम! तुमची प्रगती छान चालली आहे." हे टॅब माझ्यासमोर धरायचे. "बघ. तू म्हणालीस का कधी असं?"

खरं सांगते, मला अभिमान वाटला. ह्या वयात माणूस शंभर आणतो! मी जिन्यात भेटेल त्याला सांगायची. ह्यांचा जोडीदार लंबू घरी आला की त्यालाही ऐकवायची. लंबू म्हणजे नावाप्रमाणेच, आमच्या दारातून वाकून आत येतो. ह्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेला, मला वहिनी म्हणणारा. तो नुसता "हो ना, हो ना" म्हणायचा आणि चहाच्या कपात बघायचा.

तसं घरात काही ना काही व्हायचं. चहात पावडरच नाही, नुसतं गरम पाणी आणि साखर. दुकानात जाऊन रिकाम्या हाताने परत. एकदा आमच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये हे बटणांसमोर बोट धरून उभे राहिले, दाबेचनात. मी म्हटलं, "काय उस्ताद, आता लिफ्ट तुम्हाला चालवणार का?" आणि मीच बटण दाबलं. हेही हसले. लेक सुट्टीला आली तेव्हा म्हणाली, "आई, बाबांना डॉक्टरकडे ने. मला लक्षण ठीक दिसत नाही." मी तिच्यावर अशी तुटून पडले की बिचारी गप्पच झाली. "उचलली जीभ लावली टाळ्याला! रोज शंभर पाडतोय तुझा बाप. डोकं बिघडलेल्या माणसाला शंभर पडतात का?"

मग कंपनीने ह्यांचा सत्कार ठेवला. सलग पूर्ण गुण मिळवणारे हे एकटेच निघाले होते. मी ठेवणीतली साडी नेसले. ट्रेनिंगच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, समोर भिंतभर पडदा. शिकवणीचं सगळं बघणारी पोरगी होती, आमच्या लेकीच्याच वयाची. "काकू, तुम्ही पुढे बसा," म्हणाली. माझ्या शेजारी लंबू.

"काय भावजी, तुम्हाला किती पडतात?" मी खोडी काढली.

"पंचावन्न. कधी साठ."

"अरेरे! आमच्या ह्यांच्याकडे शिकवणी लावा."

लंबू हसला नाही. "मला नव्या पॅनेलचं देतात, वहिनी. पार डोक्यावरून जातं."

"मग ह्यांना काय देतात?"

तो बुटांकडे बघू लागला.

ती पोरगी माइकवर बोलत होती. आपली शिकवणी प्रत्येकाला झेपेल तेवढंच देते. कोणी अडलं तर दुसऱ्या दिवशी घास लहान करते, पचला तर मोठा करते. कुणाला मागे पडल्यासारखं वाटतच नाही. मग तिने ह्यांना वर बोलावलं आणि म्हणाली, "उस्ताद, आजचा तुमचा पाठ सगळ्यांसमोर करून दाखवा ना."

पडद्यावर एक चित्र आलं. लिफ्ट, तिच्या खाली खड्डा, खड्ड्यात पिवळी टोपी घातलेला माणूस. आतल्या बाईने विचारलं, "हलवू का?"

हे ताठ उभे राहिले. सगळा हॉल दणाणेल अशा आवाजात म्हणाले, "थांब, आत माणूस आहे!"

"उत्तम! शंभरपैकी शंभर!"

सगळा हॉल हसला, टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, गंमत म्हणून अगदी पहिल्या दिवसाचा पाठ दाखवला. पण मी सकाळी स्वयंपाकघरातून हाच आवाज ऐकला होता. हाच प्रश्न, हेच उत्तर. आदल्या दिवशीही, त्याच्या आदल्या दिवशीही. मला वाटायचं, हे माझी फिरकी घेण्यासाठी ओरडतायत. हात टाळीसाठी वर आले होते, ते तसेच राहिले. सगळ्या हॉलमध्ये टाळ्या न वाजवणारे आम्ही दोघंच, मी आणि लंबू.

कार्यक्रम संपल्यावर मी त्या पोरीला बाजूला घेतलं. "ह्यांचे पहिल्यापासूनचे पाठ दाखव मला." तिने तिच्या कॉम्प्युटरवर उघडले. आधी नवं पॅनेल. मग ते गेलं आणि जुनं पॅनेल आलं. मग ब्रेक. मग दरवाजे. मग नुसती हत्यारांची चित्रं, ह्यात पान्हा कोणता ते ओळखा. मग हा. शिकवणी ह्यांचा हात धरून एकेक पायरी खाली आणत होती, आणि प्रत्येक पायरीवर शंभर देत होती.

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. "काकू, माझ्याकडे फक्त गुण दिसतात. पाठ पूर्ण झाला की नाही ते दिसतं. मी कधी उघडून..." मी तिला काय बोलणार? मी तरी कुठे उघडून बघितलं होतं?

मग मी लंबूला धरलं. "कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"बरेच दिवस झाले." त्याचे डोळे भरले. "मी त्यांना खड्ड्यात उतरू देत नाही, वहिनी. बटणालाही हात लावू देत नाही. 'हलवू का' मीच विचारतो, 'हलव' मीच म्हणतो. ते शेजारी उभे असतात."

"आणि मला सांगायला जीभ झडली होती तुमची?"

"तुम्ही सगळ्यांना सांगत होता ना, शंभर पडतात म्हणून," तो म्हणाला. "माझा धीर झाला नाही."

मी ह्यांचा हात धरला आणि बसकडे निघाले.

परतताना बसमध्ये ह्यांनी बक्षीस मिळालेला चहाचा मग मांडीवर धरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी हे गणवेश घालून तयार. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "आजपासून कामावर जायचं नाही."

"का?"

"तब्येत बरी नाही तुमची. विसरायला होतंय. आपण डॉक्टरकडे जाऊ."

हे खाली खुर्चीत बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मग त्यांनी शंभर का दिले गं?"

कोणी विचारलं तर मी सांगते, त्या शिकवणीने फसवलं नाही. तिने तिचं काम केलं, झेपेल तेवढंच दिलं. पण मेलीने एकदा, एकदाच नापास केलं असतं! आम्ही चिडलो असतो, भांडलो असतो, पण जागे तरी झालो असतो. डॉक्टर म्हणाले, लवकर आला असतात तर हे विसरणं थोडं सावकाश झालं असतं. थोडंच. पण त्या थोड्यासाठी मी काय दिलं नसतं!

त्या पोरीने विचारलं, "काकू, उस्तादांचा पाठ बंद करू?" मी म्हटलं, राहू दे. मग हे रोज सकाळी गणवेश घालून खिडकीशी बसायचे. तीच लिफ्ट, तोच पिवळ्या टोपीवाला. "थांब, आत माणूस आहे." "उत्तम!" मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून उभी. हळूहळू उत्तर यायला वेळ लागू लागला. मग येईनासंच झालं. बाई गोड आवाजात म्हणायची, "काही हरकत नाही, पुन्हा प्रयत्न करू या," आणि पुन्हा तेच चित्र. त्याच्याखाली पायरीच नव्हती. एक दिवस मी टॅब बंद केला आणि लंबूबरोबर कंपनीत पाठवून दिला.

आता हे बोलत नाहीत. लेक आली की तिच्याकडे पाहुणीकडे बघावं तसं बघतात. मला काय समजतात कोण जाणे, घरात काम करणारी कुणी बाई समजत असतील. दुपारी ऊन सरकतं तशी मी ह्यांची खुर्ची सरकवते, पायांवर ऊन राहावं म्हणून. सगळं तोंडाने बडबडत करते, कारण दोघांपैकी एकाने तरी बोलायला हवं.

काल असंच झालं. खुर्चीला मागून हात लावला आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "हलवू का?"

हे हलले. मान थोडी वर आली. आवाज बारीक होता, पण प्रत्येक शब्द स्पष्ट.

"थांब," म्हणाले. "आत माणूस आहे."

मी पुढे येऊन ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. हाका मारल्या. अहो म्हटलं, उस्ताद म्हटलं, लेकीचं नाव घेतलं. नजर खिडकीबाहेरच होती. मी पुन्हा खुर्चीच्या मागे गेले आणि पुन्हा विचारलं, "हलवू का?"

उत्तर आलं नाही. ऊन पायांवरून उतरलं, भिंतीपर्यंत गेलं. मी खुर्ची धरून तशीच उभी राहिले.