राघूचा धोटा

आमच्या सोपानला अक्कल म्हणून न्हाय. लगीन होऊन वरीस झालं, तवा कुठं त्याला बायकोसाठी कायतरी करावं असं सुचलं. अन् केलं काय? तर धोटा! कळंबच्या नव्या साखर कारखान्यात सुतारांच्या हाताखाली जायचा, तितनंच बाभळीचा तुकडा आणून कोरला. धोटा मागावरच्या धाग्यांतनं फिरवायचा, त्यो कसा गुळगुळीत पायजे. तर ह्या शहाण्यानं त्याच्या पाठीवर राघू काढला. पंख, डोळा, अन् वर आलेली चोच!

"चोच कशाला रं मुडद्या? धागा अडकून तुटंल की!"

"आये, राघूला चोच नगं व्हय?"

माझी सून रतन पदर तोंडाला लावून हसत व्हती.

आमच्या घरात घोंगड्यांचा माग एकच. मालक गेल्यापासनं त्याच्या खड्ड्यात पाय सोडून मीच विणायला बसायची. रतन लोकर कातायची. पण ती इंदापूरला बापाच्या मागावर विणायला शिकलेली, हितं सणसरला येऊन नुसतं कातायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं. शेवटी मी म्हटलं, "एक घोंगडी विण. धागा तुटून एक जरी गाठ पडली, तर परत मागाचं नाव काढायचं न्हाय."

अन् ही बया नेमका राघूचाच धोटा घेऊन बसली! मी माझा साधा धोटा पुढं केला. न्हायतर चोच तरी तासून घे, म्हटलं.

"नगं आत्याबाई. त्यांनी केलाय तसाच ऱ्हाऊ द्या."

असा राग आला मला! म्हटलं, भोग आता आपल्या कर्माची फळं.

घोंगडी उतरली. अंगणात पसरून मी काठापासनं काठापर्यंत हात फिरवला. गाठ घावंना. उलटी केली, तरी न्हाय. मग रतनचा हात धरून बघितला. अंगठ्याचं सालटं निघालेलं, कोपरापतुर नुसते ओरखडे. पोरीनं दर फेरीला चोचीवर अंगठा दाबून, हात धाग्यांत घालून धोटा पल्याडच्या हातात दिला व्हता. "गुणाची गं माझी बाय," म्हटलं, अन् तिच्या अंगठ्याला लोणी चोळत बसले.

सकाळी उठून मी मागाच्या खड्ड्यात माती टाकायला लागले. माझे पाय लांब, रतनचे आखूड, तिचे तळाला टेकतच नव्हते.

सोपान पळत आला. "आये, एवढा भरलास तर तुला बसता यायचं न्हाय!"

"मला कुठं बसायचंय आता?" मी म्हटलं. "आण आणखी एक पाटी."