नवमीला राहिलेला बोल्ट

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, माणसांवर माझा जीव नाही. इतर वस्तू आपली गोष्ट सांगताना मालकाच्या आठवणीने गहिवरतात. मला ते जमणार नाही. मी माणसांना पोटात घेऊन वर्षानुवर्षं फिरले आहे आणि ती आत बसून काय काय बोलतात ते ऐकलं आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. माझे मालक बाबाराव रेल्वेत होते. विदर्भातून बदली होऊन ते रायपूरला आले आणि पुरानी बस्तीत घर करून इथलेच झाले. मला घरी आणलं त्या दिवशी अख्खा पारा, म्हणजे सगळा मोहल्ला, बघायला जमला होता. बाबारावांच्या पत्नी पद्मिनीबाई नेहमी मागच्या सीटवर बसत. पुढे बसलं की यांच्या चालवण्याची धडकी भरते, असं म्हणत. गोल बाजारातून आणलेली भांडी, लुगडी, सतरंज्या, सगळं मी निमूट वाहिलं. कौतुकही झालं, खोटं कशाला बोलू? पण कौतुक करणाऱ्यांपैकी एकानेही माझ्या पोटाखाली कधी वाकून पाहिलं नाही.

मग रायपूर राजधानी झालं. मोठ्या साहेबांच्या गाड्या आल्या आणि त्यांच्यासाठी जिकडे तिकडे रस्ते खणले गेले. त्या खड्ड्यांनी माझे मागचे माउंट खाल्ले. माउंट म्हणजे लोखंडी कड्यात बसवलेलं जाड रबर. मागच्या चाकांचे दांडे त्यातून बोल्ट घालून माझ्या अंगाशी जोडलेले असतात. रबर फाटलं की लोखंडावर लोखंड आपटतं. मी खडखडू लागले.

बाबारावांचा मुलगा पराग नव्या सरकारी कार्यालयात नोकरीला लागला होता. त्याला माझी लाज वाटू लागली.

"बाबा, ही गाडी म्हणजे नाकापेक्षा मोती जड," तो एकदा म्हणाला. "विकून टाका. ऑफिसमें सब हँसते हैं."

"गाडी माही आहे. मी सुधारतो," बाबाराव म्हणाले.

"तुम्ही? तुमच्यानं आता बसून उठणं होत नाही!"

त्या दिवसापासून बापलेकांचा अबोला सुरू झाला. निवृत्त झाले तरी बाबाराव बाबारावच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पराग घरात आला की हे ओसरीवर, हे घरात गेले की तो अंगणात. मधे पद्मिनीबाई एकाचा निरोप दुसऱ्याला सांगून थकायच्या.

नवरात्राच्या नवमीला सकाळीच बाबारावांनी मला जॅकवर उचललं, खाली लाकडी ठोकळे लावले आणि ते माझ्याखाली शिरले. एका गोष्टीचं श्रेय त्यांना देते, काम त्यांना येत होतं. फाटलेलं रबर त्यांनी ठोकून काढलं, नवे माउंट बसवले आणि बोल्ट नुसते हाताने फिरवून ठेवले. गाडी अधांतरी असताना बोल्ट आवळला, तर ती जमिनीवर टेकल्यावर रबराला पीळ पडतो आणि ते पुन्हा फाटतं. म्हणून चाकं लावून त्यांनी मला आधी खाली उतरवलं. मग उजवीकडचा बोल्ट पान्याने गच्च आवळला आणि घाम पुसायला बाहेर आले.

डावा राहिला होता. असा बोल्ट चालत्या गाडीत निसटला, तर मागचं चाक सरकून गाडी उलटू शकते.

तेवढ्यात पद्मिनीबाईंनी दारातून हाक मारली, "अहो, खंडेनवमीची पूजा मांडून राहिली मी. हत्यारं आणा पाटावर."

परागने अंगणातला पाना उचलला. "घे आई, हाही ठेव. झाली म्हणा यांची कारागिरी." आणि पाना पाटावर ठेवून त्याने हातासरशी त्याला कुंकू लावलं.

कुंकू लागलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्या घरात कोणी उचलत नसे. एक बोल्ट राहिला आहे, एवढंच सांगायचं होतं. पण ते परागला सांगावं लागलं असतं. बाबाराव न सांगताच ओसरीवर जाऊन बसले.

दसऱ्याच्या सकाळी पराग ओसरीवर फोनवर बोलत होता. "हाँ भैया, तेलीबांधा में मिलिए. गाडी लेके आ रहा हूँ, पसंद आए तो आज ही रख लीजिए." खुर्चीत बसलेल्या बाबारावांनी शब्द न् शब्द ऐकला. परागने किल्ली घेतली, माझ्या तोंडावर झेंडूचा हार टाकला आणि मला सुरू केलं.

बाबाराव खुर्चीतच बसून राहिले. मी त्यांच्याकडे पाहत होते. त्यांना बोल्ट आठवत होता. तरीही ते उठले नाहीत.

तेवढ्यात पद्मिनीबाई नवं लुगडं सावरत आल्या. "थांब रे, मले तुझ्या शांतामावशीकडे सोड. सोनं देऊन येते." आणि मागचं दार उघडून बसल्या.

बाबाराव तेव्हा उठले. आत जाऊन पाटावरचा पाना उचलला आणि फाटकात येऊन माझ्यासमोर उभे राहिले. परागने हॉर्न वाजवला. ते मागे फिरले नाहीत, डाव्या बाजूने सरळ माझ्याखाली शिरले.

"अहो, पूजा नाही झाली अजून! काहून उचलला तो पाना?" पद्मिनीबाई ओरडल्या.

"डावा बोल्ट ढिला आहे," खालून आवाज आला.

परागने इंजिन बंद केलं.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. "आई बसली नसती, तर मले जाऊ देणार होते तुम्ही?"

बाबाराव बोल्ट आवळत राहिले. पुरेसा आवळून झाल्यावरही आवळत राहिले.

मित्रांनो, गाडीला तेल घाला, हवा भरा, धुऊन पुसून ठेवा, हे तुम्हाला शाळेत शिकवतीलच. मी एवढंच सांगते, काम अर्धं राहिलं असेल तर घरात सांगा. राग आला असेल तर आधी सांगा.

मला कोणी विकलं नाही. माझा खडखडाट पूर्ण गेला आहे. पद्मिनीबाई त्या सकाळी मागचं दार उघडून उतरल्या, त्या पुन्हा माझ्यात बसल्या नाहीत.