वीस एमएलची सिरिंज आणि रचनाची जीप

मी एक जुनी, वीस एमएलची प्लास्टिकची सिरिंज आहे. दचकू नका मित्रांनो, मला सुई कधी लागलीच नाही. तरी तुम्ही थोडे मागे सरकलातच ना? असू द्या. माझाही कोणावर चटकन विश्वास बसत नाही.

सन दोन हजार एकमध्ये भरवेली गावच्या रचनाने मला बालाघाटच्या मेडिकलमधून आणलं. घरात आजारी कोणीच नव्हतं. मला तेव्हाच वाटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. पण तिला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी दगडांवर चढणारी छोटी जीप बनवायची होती. तिने माझा दट्ट्या जीपच्या पुढच्या चाकांना जोडला. माझ्या तोंडाला सलाईनची नळी लावली आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला दहा एमएलची सिरिंज. तिला दाबलं की पाणी माझ्यात यायचं आणि चाकं वळायची. त्या धाकटीवर माझी सतत नजर असायची. तिने पाण्याबरोबर हवेचा बुडबुडा पाठवला की अडखळायचे मी, आणि नाव माझंच खराब व्हायचं.

रचनाचे बाबा, वसंता, मँगनीजच्या खाणीत लोडर, म्हणजे दगड उचलणारं यंत्र, चालवत. त्यांनाही माझा भरवसा नव्हता. "बारकी आहे थे. मोठी लाव. आमच्या खाणीत मोठ्या सिलिंडरशिवाय काही हालत नाही," असं म्हणून त्यांनी ढोरांच्या डॉक्टरकडून पन्नास एमएलची नवीकोरी सिरिंज आणली. खाणीत त्या सिलिंडरला तेल पाठवणारा पंपही तेवढाच मोठा असतो, हे ते विसरले. रचनाने तीही सामानात ठेवली. आता माझी गच्छंती, असं मी धरूनच चालले.

पण प्रदर्शनात मीच होते. जीप मँगनीजच्या काळ्या दगडांवर चढली आणि वळलीही. परीक्षक देवेंद्र सरांनी आधी जीपकडे पाहिलं, मग रचनाकडे. "खरं सांग, वडिलांनी बनवली ना? तसं असेल तर मॉडेल बाद."

"नाही सर, मीच बनवली."

सरांनी मला उपटलं आणि टेबलावरची पन्नासची उचलली. "मग ही लाव."

"लावते सर, पण चाक वळणार नाही."

"काहून?"

"लहानीतलं सारं पाणी आलं तरी हिचा दट्ट्या जरासाच सरकते. जोर लय, पण वळण नाही."

तसंच झालं. मग सरांनी तिच्या सामानातली पाच एमएलची लावायला सांगितली. "हे झटकन वळवंल सर, पण दगडाले अडंल." चाक दगडाशी अडलं. शेवटी मी पुन्हा जाग्यावर आले, आणि चाक दगडाला रेटून वळलं.

सरांचा संशय तरी फिटेना. मागे उभ्या असलेल्या वसंताला त्यांनी विचारलं, "तुम्हीच शिकवलं ना हे?"

वसंता डोकं खाजवू लागले. "मी तं मोठीच लाव म्हणत होतो सर. पोरीनं माह्यं ऐकलंच नाही."

सर मोठ्याने हसले. पहिला नंबर रचनाचा आला.

आज मी नटबोल्टच्या डब्यात आहे. माझं रबर कडक झालंय. माझ्यात पाणी तसंच ठेवून कोणीतरी विसरलं, याचा राग अजून आहे. तुमच्या वस्तू तरी कोरड्या करून ठेवा. आणि मित्रांनो, संशय खुशाल घ्या, मीही घेते. पण तो मनात ठेवू नका, समोरच्याला करून दाखवू द्या. सरांनी त्या दिवशी काही न विचारता मॉडेल बाद केलं असतं, तर रचना घरी रडत गेली असती.